बिनकॅरियरच्या सायकली

आम्ही सहा जण निघालो तेव्हा लांबवर सायकल चालवायची सवय आमच्यापैकी एकालाही नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच आदर वाटायला नको. माझं नागपुरात शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे, पन्नाशी उलटली आहे, आणि सकाळी फुटाळा तलावाला चक्कर मारण्यापलीकडे माझी सायकल कधी गेलेली नव्हती.

आमचे म्होरके बोरकर. वीज खात्यातून निवृत्त झालेले, आवाज मोठा. त्यांच्या भाचीच्या मुलाला सिकलसेल आहे. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, कुठेतरी अडकतात आणि मूल दुखण्याने अक्षरशः लोळतं. आईबापांकडूनच येतो. अशा मुलांच्या उपचारांसाठी देणग्या मिळवायच्या, नागपूरहून भंडारा जिल्ह्यातून नाकाडोंगरीपर्यंत सायकलने जायचं, आणि वाटेतल्या गावांत बोट टोचून तपासणी करायची, असा बोरकरांचा बेत. तपासणीची पेटी शबानाच्या पाठीवर. ती एका लॅबमध्ये काम करते आणि मला काकू म्हणते. उरलेले तिघे बोरकरांच्या कॉलनीतले.

मी गेले ती वजन कमी करायला. शिवाय माझ्या मुलीचं, रेणूचं, सासर तुमसरचं. ती आणि जावई अमोल पुण्याला असतात. तिला तिसरा महिना लागलेला. तुमसर वाटेतच, म्हणून विहीणबाईंकडे सगळ्यांचं जेवण ठरलेलं होतं.

वरठी

पहिल्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. महामार्ग, ट्रक, धूर, बोरकरांची सारखी उतरणारी साखळी. वरठीत शिरलो तेव्हा कारखान्याची पाळी सुटली होती. रस्ताभर मोटरसायकली आणि सायकली. हँडलला डबा अडकवलेला, पायात स्लिपर घातलेला एक माणूस जुन्या काळ्या सायकलवरून मला मागे टाकत म्हणाला, "ताई, गेअर हायेत नं त्याले? मंग लावा नं!"

मी लावले. तरी तो दिसेनासा झाला.

बोरकरांच्या ओळखीच्या घरी उतरलो. नागपुरात आता आलेल्याला आपण बाटलीतलं पाणी पुढे करतो. इथे घरच्या बाईने आधी लोटाभर पाणी पायांवर घ्यायला दिलं, मग प्यायला. दिवसभर पॅडल मारलेल्या पायांवर ते गार पाणी पडलं तेव्हा मला या पद्धतीचा अर्थ कळला. घरी येऊन मीही सुरू करणार होते. अजून केलेलं नाही.

करडीच्या पुढे

वैनगंगा ओलांडली की गोंगाट मागे राहतो. धान कापून झालेलं होतं. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, पेंढ्यांचे उंच पुंजणे रचलेले, आणि कापलेल्या धसकटांमधून लाखोळीची हिरवी पाती वर आलेली. एका पिकाची जागा रिकामी व्हायच्या आत दुसरं तिथे शिरलेलं. हवेत वाळल्या तणसाचा वास. दर गावाला एक तलाव, तलावाच्या पाळीवर आंबे आणि मोह.

करडीच्या पुढच्या एका लहान गावात आमची वाट पाहत बरीच माणसं उभी होती. गावाचं नाव लिहीत नाही. आम्हाला वाटलं स्वागत आहे. बोरकरांनी केस सारखे केले.

एका माणसाने पुढे होऊन त्यांच्या सायकलचं चाक अंगठ्याने दाबलं. "हे तं बोटाएवढं हाये. सेल लावला म्हनून काईबी इकाल का जी?"

कुठला सेल, ते कळायला थोडा वेळ लागला. बोरकरांनी फोनवर सांगितलं होतं, 'सिकलसेलची सायकल रॅली.' गावात कुणीतरी ते भोंग्यावरून पुकारलं ते 'सायकलचा सेल' म्हणून.

हिरवं लुगडं नेसलेली एक बाई माझी सायकल पुढून मागून पाहत होती. "इले कॅरियर काहून नाई?"

"अशा सायकलला नसतं," मी म्हटलं.

"मंग धानाचं पोतं कायवर ठेवाचं?"

तिच्या शेजारची म्हणाली, "अना नवरा कायवर बसवाचा?"

"नवऱ्याले चालू दे पायी. पोत्याचं सांग."

बोरकर समाजमंदिराच्या ओट्यावर चढले आणि सेल नसून सिकलसेल आहे हे त्यांनी समजावलं. माणसं पांगू लागली. एक वयस्क गृहस्थ तेवढे थांबले आणि फार अदबीने म्हणाले, "सिकल नं? तो आपल्यात नसते जी. तुमी त्या टोलीवर जा. तिकडं हाये."

आम्ही सायकली ढकलत टोलीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर, गेलो. तिथे एका मास्तरांनी चहा दिला आणि तितक्याच अदबीने सांगितलं, "आमच्यात तपासण्या झाल्या आहेत, मॅडम. आम्ही लपवत नाही. गावात पाहा. तिथे लपवतात." आम्ही परत गावात.

'आपल्यात' हा शब्द माझ्या घरीही रोज वापरात आहे. आपल्यात असं करत नाहीत, आपल्यात हे खात नाहीत, मुलगा आपल्यातला आहे का. तो कशाबद्दल आहे हे सगळ्यांना कळतं आणि कोणी तोंडाने बोलत नाही. रक्तालाही तो लावलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते.

ओट्यापाशी आता बायकाच उरल्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "पयले तुमचं टोचा. मंग आमी पायतो."

बरोबर होतं तिचं. मी खुर्चीवर बसले आणि बोट पुढे केलं. मला वाटलं, सुई पाहून बिचकतात, माझं पाहतील आणि बसतील.

शबानाने थेंब नळीतल्या औषधात सोडला आणि नळीमागे रेघा मारलेला कागद धरला. "नळीतून मागच्या रेघा दिसल्या की सुटलात," तिने बायकांना सांगितलं. सगळ्या वाकून पाहू लागल्या. थोडा वेळ गेला.

"मले तं काईच नाई दिसत," हिरव्या लुगड्याची म्हणाली.

मलाही दिसत नव्हतं. दूध पडल्यासारखी नळी गढूळ झाली होती. शबाना "थांबा" म्हणाली. दुसरं बोट टोचलं, दुसरी नळी घेतली. तीही गढूळ. मग ती माझ्या कानाशी आली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"काकू, पॉझिटिव्ह आहे. तुम्हाला कधी त्रास झाला नाही म्हणजे तुम्ही आजारी नाही, कॅरियर असाल. पक्कं नागपूरला मोठ्या तपासणीत कळेल."

मी काय म्हणाले ते मला नीट आठवतं. मी म्हणाले, "छे! आमच्यात नसतं ते."

मग हिरव्या लुगड्याचीला राहवलं नाही. "कॅरियर नाई, कॅरियर नाई म्हनून राहिलो, तं बाईच कॅरियर निंगाली!"

सगळ्या जणींना हसू फुटलं. मीही हसले, म्हणजे तोंडाने हसले. म्हातारीने सगळ्यांना दटावलं, "हासू नोका वं," आणि कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. "खा बाई. मी एवढी झाली, मले काय काय हाये कोनाले मालूम?" आणि तिने शबानापुढे आपलं बोट केलं. तिच्यामागे एकेक करून बाकीच्या. शहरातल्या बाईला आहे म्हटल्यावर त्या आजाराची लाज थोडी कमी झाली असावी.

मी मात्र गणित करत होते. शबाना ते गणित गावोगाव समजावत होती आणि मी ते रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखं ऐकत होते. आईबापांपैकी एकच कॅरियर असेल तर मूल आजारी होत नाही. दोघेही असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आणि मी कॅरियर, म्हणजे रेणू कॅरियर असण्याची शक्यता निम्मी. अमोल याच जिल्ह्यातला. तिसरा महिना.

संध्याकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन रेणूला फोन लावला. तिथेच रेंज होती.

"माझ्या सगळ्या टेस्ट झाल्यात, आई."

"सिकलसेलची?"

"ती इथे कोणी विचारलीच नाही." मग म्हणाली, "उद्या सकाळी रक्त देते. पण अमोलला आत्ता नाही सांगत. आणि तू तुमसरला एक शब्द बोलू नकोस."

"का?"

"त्यांना वाटेल आपण फसवलं."

"मलाच आज कळलंय, रेणू!"

"हे तू मला सांगतेस. त्यांना सांगून बघ."

मी शब्द दिला. रात्री तलावातल्या झिंग्यांची भाजी आणि तांदळाची भाकर होती. अशा वेळी अन्न जात नाही म्हणतात. मला गेलं. मी दोनदा वाढून घेतली आणि प्रत्येक घासाला मनात चारात एक, चारात एक, असं चाललं होतं.

तुमसर

परत नदी ओलांडून तुमसरच्या रस्त्याला लागलो. राइस मिलांच्या आवारात कोंड्याचे ढीग दिसू लागले तेव्हा फोन वाजला. मी सायकल बाजूला घेतली.

"मी आहे, आई," रेणू म्हणाली. "कॅरियर. डॉक्टर म्हणाल्या, नवऱ्याचं लगेच करा. त्याचंही असलं तर बाळाची तपासणी करावी लागेल, आणि त्या तपासणीला फार दिवस हातात नाहीत."

"मग सांग अमोलला."

"सांगते गं. धीर नाही होत."

उरलेल्या रस्त्यात मला एक युक्ती सुचली. अमोलचे आईवडील दोघेही तुमसरात, आणि शबानाची पेटी माझ्यासोबत. दोघांच्याही नळीतून रेघा दिसल्या तर अमोलला हे असूच शकत नाही. मग कोणाला काही सांगायची गरजच उरणार नव्हती. जेवणं झाली की सहज म्हणून सगळ्यांची तपासणी करायची. शबानाला सांगितलं. ती म्हणाली, "विचारून करायची, काकू. नाही म्हणाले तर नाही."

विहीणबाई, मंदाबाई, दारातच उभ्या होत्या. "या इहीनबाई! वाळून गेल्या की काय सायकलीनं!" वाळण्यासारखं माझ्यात काही झालेलं नव्हतं, पण बरं वाटलं. जेवायला लाखोळीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी आणि माशांचा रस्सा. मासे त्यांनी सकाळी स्वतः साफ केले होते. अंगणात नळाखाली खवले चमकत होते. माझी आई, मला मूल होईपर्यंत, माझ्या सासरी पाणीसुद्धा प्यायली नव्हती. मी चौथा वडा घेतला.

जेवणं झाल्यावर शबानाने पेटी उघडली. व्याही दामोदरराव मिल चालवतात, कमी बोलतात. त्यांनी लगेच बोट पुढे केलं. नळीमागच्या रेघा स्वच्छ दिसल्या. "सुटलो का?" म्हणाले. एक झालं, मी मनात म्हटलं.

"मंदाताई, तुम्ही?" शबानाने विचारलं.

"मले नोको बापा. मले रगत पायलं का चक्कर येते."

"अवं मुंगी चावल्यावानी होते. बस नं," दामोदरराव म्हणाले.

"नाई म्हनलं नं." त्या ताटं उचलून आत गेल्या.

मी अंगणातल्या खवल्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या मागोमाग आत गेले. त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. गॅसवर दूध होतं. मी रेणूला दिलेला शब्द तिथेच मोडला. करडीच्या पुढच्या गावातली नळी, रेणूचा रिपोर्ट, डॉक्टरांचं म्हणणं, सगळं एका दमात सांगितलं. आता आवाज चढेल म्हणून मी तयारीत होते.

"दार लावा," त्या म्हणाल्या.

मी लावलं.

"माहं हाये, इहीनबाई."

"काय?"

"अमोल शायेत होता तवा बायकांचं शिबिर झालतं. तवापासून मालूम हाये मले."

"व्याह्यांना?"

"कोनालेच नाई. सासू होती तवा माही. तिनं मले उभं ठेवलं नसतं घरात."

"आणि अमोलचं तपासलं नाही?"

"तपासतो म्हनलं तं इचारलं असतं नं लोकाइनं, काहून तपासता म्हनून." त्यांनी पदराने ओटा पुसला. तो कोरडाच होता. "अमोलले इकडल्या चांगल्या चांगल्या पोरी सांगून आल्या. मी सगळ्याइले नाई म्हनली. मले नागपूरचीच पायजे होती. तुमच्यात नसते नं, म्हनून."

मी तिथल्या स्टुलावर बसले. मुलीच्या शिक्षणावर भाळून त्यांनी मागणी घातली, असं मी लग्नापासून सगळ्या नातेवाइकांना सांगत आले होते. माझ्या मुलीला त्यांनी औषधासारखं निवडलं होतं. राग यायला हवा होता. पण आदल्या दिवशी भरगावात मी काय बोलले होते तेही मला आठवत होतं.

मग म्हटलं, "अमोलला फोन लावा."

"तुमी लावा."

"मुलगा तुमचा आहे."

त्यांनी लावला. स्पीकर सुरू केला की हात लागून झाला, माहीत नाही.

"जेवला का रे?"

"हो. मीटिंगमध्ये जातोय. बोल."

"मीटिंग राहू दे. तुह्या आईले सिकल हाये. म्हंजे कॅरियर. तुले असू शकते. आज जा अना रगत दे."

"आई, हे तू आत्ता सांगून राहिली?" इतक्या वर्षांचं त्याचं पुणं एका वाक्यात गळून पडलं.

"आत्ता तं सांगून राहिली! नसतं सांगतलं तं?"

"रेणूला मी काय सांगू आता?"

मी म्हटलं, "अमोल, मीही इथे आहे. तिच्याकडेही सांगण्यासारखं आहे. घरी जा आणि दोघं बोला."

फोन ठेवला आणि दार उघडलं तर समोर दामोदरराव. हातात पाण्याचा रिकामा जग. किती ऐकलं होतं ते चेहऱ्यावरून कळत होतं. सगळंच. मंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. आयुष्यभर ज्या क्षणाला त्या भीत आल्या तो हाच होता. दामोदरराव म्हणाले, "दूध उतू चाललं," आणि जग तिथेच ठेवून बाहेर गेले.

नाकाडोंगरी

तुमसर सोडलं की पुढे जंगल सुरू होतं. सागाची मोठी मोठी पानं रस्त्यावर पडून चाकाखाली पापडासारखी मोडत होती. मॅंगनीजच्या खाणींकडून येणारे ट्रक गेले की आम्ही सहाही जण एकाच रंगाचे होत होतो. मी सगळ्यात मागे होते. फोन खिशात नव्हता, हातात होता, आणि तसं चालवल्यामुळे एकदा मी सरळ झुडपात गेले. कोपर सोललं. बोरकरांनी हळद मागायला एक घर गाठलं. तिथल्या बाईने हळद लावली आणि विचारलं, "या वयात काहून करता बाई हे असं?"

नाकाडोंगरी टप्प्यात आली तेव्हा रेणूचा फोन आला.

"अमोलचं नॉर्मल आहे, आई. काही नाही त्याच्यात."

मी रस्त्याच्या कडेला उकिडवी बसले. बाळ माझ्यासारखं कॅरियर निघू शकेल, आजारी निघणार नाही. शबाना पुढे जाऊन मागे वळली, माझ्याकडे पाहून घाबरली, आणि कळल्यावर तिने मला इतकं घट्ट धरलं की सोललेलं कोपर पुन्हा वाहू लागलं. मी मंदाबाईंना फोन केला. "हाव, सांगतलं त्यानं मले," एवढंच म्हणून त्यांनी ठेवला. मला वाटलं, संपलं. आता यावर दोन्ही घरांत कोणी कधी बोलणार नाही. माझीही तीच इच्छा होती.

नाकाडोंगरी हे मंदाबाईंचं माहेर. त्यांचे धाकटे भाऊ गावात मान असलेले. आमच्यासाठी शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या, टेबल, चहा, सगळं त्यांनीच उभं केलं होतं. बायका बऱ्याच आल्या, पण टोचून घ्यायला कोणी बसेना. "या भागात हाये थोडंफार," भाऊ बोरकरांना म्हणाले, "पन आपल्यात नाई."

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. दामोदरराव चालवत होते, मागे मंदाबाई. त्या उतरल्या. ते स्कूटरवरच बसून राहिले, आत आले नाहीत, पण गेलेही नाहीत.

मंदाबाई सरळ व्हरांड्यात आल्या, खुर्चीवर बसल्या आणि शबानापुढे बोट केलं.

"ताई, तुहं काहून?" भाऊ हसत म्हणाले.

"माहं हायेच. सगळ्याइले दिसलं पायजे म्हनून बसली."

भावाचं हसू तसंच राहिलं, पण खालचा चेहरा बदलला. "येडी झाली का? माह्या वर्षाचं लगन जुडून राहिलं. परवा पाव्हने येऊन राहिले घरी!"

"म्हनूनच आली. माहं हाये तं तुहंही असू शकते. अना तुह्या पोरीचंही."

"असं गावासमोर सांगाचं?"

"घरी सांगतलं असतं तं तू दार लावलं असतं. मी नाई का लावलं एवढे वर्स?"

मी टेबलाच्या कडेला उभी होते. अमोलचं काही निघालं नव्हतं. यांना आता बोलायची काहीएक गरज नव्हती. माझं मी त्या गावात अनोळखी लोकांपुढे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सायकलवर बसून निघून गेले. या जिथे जन्मल्या तिथे बसल्या होत्या.

"आजपासून माह्या घरी येऊ नोको," भाऊ म्हणाले. आवाज मोठा नव्हता.

"नाई येत. पोरीले तेवढं पाठव."

भाऊ निघून गेले. फाटकाशी स्कूटरजवळून जाताना त्यांनी दामोदररावांकडे पाहिलंसुद्धा नाही. शबानाने नळी वर धरली. ती दूध पडल्यासारखी झाली होती आणि सगळ्या बायकांना ते दिसत होतं. मंदाबाईंनी बोटाला लावलेला कापूस काढला, खुर्चीचा आधार घेतला आणि उठायला लागल्या.

तेव्हा मागून बायकांना बाजूला करत एक मुलगी पुढे आली. ओढणी खांद्यावरून घसरलेली. बाप ज्या वाटेने गेला त्या वाटेकडे तिने एकदा मान वळवून पाहिलं. ती रिकाम्या होत असलेल्या खुर्चीवर बसली आणि तिने दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवले.

"आत्या," वर्षा म्हणाली, "कोनतं बोट?"